सरकारी मंडळे आणि आयोगांवरील नेमणुकांत विविधता कशी आणावी

परवाने देणे, दर ठरवणे, तक्रारींची सुनावणी घेणे, निधीच्या वाटपाची शिफारस करणे, नियमांचे मसुदे तयार करणे अशी कामे सरकारी मंडळे, आयोग, प्राधिकरणे आणि सल्लागार समित्या करतात. ही कामे वरवर किरकोळ वाटतात, पण सर्वसामान्य माणसाचा शासनाशी येणारा बराचसा संबंध यांतूनच येतो. तरीही सदस्यांच्या याद्या पाहिल्या की अनेक ठिकाणी एकाच वयाची, एकाच प्रकारच्या सेवेतून निवृत्त झालेली, राजधानीत राहणारी आणि बहुतांशी पुरुष मंडळी दिसतात. यामागे दर वेळी कुणाचा वाईट हेतू असतो असे नाही. नेमणुकीची नस्ती फिरू लागते तेव्हा मुदत जवळ आलेली असते, ओळखीची नावे चटकन सुचतात, आणि ओळखीची माणसे बहुधा आपल्यासारखीच असतात. त्यामुळे अंतिम यादीवर सही होण्याच्या दिवशी विविधतेसाठी करण्यासारखे फारसे काही उरत नाही. ते काम कित्येक महिने आधी, म्हणजे रिक्त होणाऱ्या पदाची नोंद, अर्हतेचा मसुदा आणि उमेदवारांचा शोध या टप्प्यांवरच करावे लागते.

हे मार्गदर्शन मुख्यतः नेमणुकांचे काम हाताळणारे अधिकारी, मंडळांचे सचिव आणि शोध समित्यांचे सदस्य यांच्यासाठी आहे. नावे सुचवणाऱ्या संघटनांनाही त्याचा उपयोग होईल.

इतकी खटपट का करायची, हा प्रश्न बैठकीत हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर केवळ न्यायबुद्धीला आवाहन करून देऊ नये, कारण पुरावाही हाताशी आहे. पश्चिम बंगाल आणि राजस्थानातील ग्रामपंचायतींचा अभ्यास करून राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी २००४ मध्ये दाखवून दिले, की जिथे सरपंचपद स्त्रियांसाठी राखीव होते तिथे स्त्रिया ज्या कामांची मागणी अधिक करत होत्या, विशेषतः पिण्याच्या पाण्याच्या कामांची, त्यांवर अधिक खर्च झाला. कोणत्या गावात राखीव जागा येणार हे आळीपाळीने ठरत असल्यामुळे हा फरक गावांच्या मुळातल्या वेगळेपणातून आला असावा, असे म्हणायला फारसा वाव राहत नाही. टेबलाभोवती कोण बसले आहे यावर कामांचा अग्रक्रम बदलतो, हे या अभ्यासातून स्पष्ट होते.

पहिले काम : नोंदवही

आपल्या विभागाच्या अखत्यारीत नेमकी किती मंडळे आणि समित्या आहेत, त्यांवर कोण आहेत आणि कुणाचा कार्यकाळ कधी संपतो, याची एकत्रित माहिती पुष्कळदा एका ठिकाणी नसते. ती आधी जमवावी. प्रत्येक मंडळासाठी स्थापनेचा कायदा, अधिसूचना किंवा शासन निर्णय, सदस्यसंख्या, नेमणुकीचा अधिकार कुणाला आहे, प्रत्येक जागेची मुदत कधी संपते आणि फेरनियुक्तीवर मर्यादा आहे का, एवढे तरी लिहून काढावे.

या नोंदवहीत जागांचे तीन प्रकार वेगवेगळे दाखवावेत. काही सदस्य पदसिद्ध असतात, म्हणजे एखाद्या शासकीय पदावर असल्यामुळेच आपोआप सदस्य होतात, काही एखाद्या संघटनेने किंवा संस्थेने नाव सुचवल्यावर येतात, आणि उरलेले अर्ज वा शोध यांतून निवडले जातात. ही विभागणी महत्त्वाची आहे, कारण विविधतेच्या चर्चेत पदसिद्ध जागांकडे बहुधा दुर्लक्ष होते. समजा, तेरा जणांच्या मंडळात सात जागा सचिव, संचालक आणि मुख्य अभियंता अशा पदांना बांधलेल्या आहेत. त्या पदांवर ज्या काळात सगळे पुरुष असतील त्या काळात उरलेल्या सहाही जागांवर स्त्रिया नेमल्या तरी स्त्रिया अल्पसंख्येतच राहतात. अशा मंडळात अशासकीय सदस्यांच्या नेमणुका कितीही काळजीपूर्वक केल्या तरी त्या पुरेशा ठरत नाहीत. पदसिद्ध सदस्याला आपला प्रतिनिधी पाठवण्याची मुभा असेल तर ती विचारपूर्वक वापरायला सांगावे, आणि मूळ अधिसूचनेत दुरुस्ती करून पदसिद्ध जागा कमी करता येतील का हे तपासावे. अधिसूचना बदलणे कंटाळवाणे काम आहे, पण एकदा केले की त्याचा परिणाम पुढच्या प्रत्येक कार्यकाळात टिकतो.

मुदती तपासताना आणखी एक गोष्ट लक्षात येईल. सगळ्या सदस्यांचा कार्यकाळ एकाच दिवशी संपत असेल तर एकाच वेळी दहा-बारा नावे घाईघाईने शोधावी लागतात, आणि घाईत जुन्याच याद्या पुढे येतात. शक्य असेल तिथे जागांच्या मुदती पुढे-मागे ठेवाव्यात, म्हणजे दर वर्षी दोन-तीन जागा भरायच्या राहतील आणि त्या नीट शोधून भरता येतील. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने माहितीच्या अधिकाराखालील अपिले ऐकणाऱ्या माहिती आयुक्तांच्या नेमणुकांसंबंधी २०१९ मध्ये दिलेल्या निकालात, पद रिक्त होण्याच्या एक ते दोन महिने आधी प्रक्रिया सुरू करणे उचित ठरेल असे म्हटले आहे. माझ्या मते ही किमान मर्यादा समजावी. ज्या समाजघटकांपर्यंत आपण आजवर पोहोचलोच नाही, त्यांच्यापर्यंत पोहोचायचे असेल तर सहा महिने हाताशी हवेत.

कायदा काय मागतो आणि काय चालू देतो

विविधतेची अट अनेक कायद्यांत आधीच लिहिलेली असते आणि नेमणूक करणाऱ्यांना तिचा विसर पडलेला असतो. नॉर्वेच्या समानता कायद्यात १९८८ पासून अशी तरतूद आहे की सार्वजनिक संस्थेने चार किंवा अधिक सदस्यांची समिती नेमली तर स्त्रिया आणि पुरुष प्रत्येकी किमान ४० टक्के असावेत. फिनलंडने १९९५ मध्ये तशीच ४० टक्क्यांची अट घातली. स्कॉटलंडच्या २०१८ च्या कायद्याने सार्वजनिक मंडळांच्या अकार्यकारी (रोजचा कारभार न पाहणाऱ्या) सदस्यांत ५० टक्के स्त्रिया असाव्यात असे उद्दिष्ट ठरवले. भारतात राष्ट्रीय महिला आयोगाच्या १९९० च्या कायद्यानुसार अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती यांतील किमान एकेक सदस्य हवा. बालहक्क संरक्षण आयोगांच्या २००५ च्या कायद्यात सहा सदस्यांपैकी किमान दोन स्त्रिया असाव्यात असे म्हटले आहे, आणि मानवी हक्क संरक्षण कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने राष्ट्रीय आयोगावर मानवी हक्कांच्या जाणकारांमधून नेमायच्या तीन सदस्यांत किमान एक स्त्री असणे आवश्यक केले.

या तरतुदींत 'किमान' हा शब्द येतो आणि व्यवहारात तो अनेकदा 'कमाल' म्हणून वाचला जातो. किमान एक स्त्री हवी म्हटले की एक स्त्री नेमली जाते आणि विषय मिटला असे समजले जाते. आपल्या टिपणीतच हे स्पष्ट लिहावे, की कायद्यातील आकडा ही खालची मर्यादा आहे आणि इतर जागांसाठीचा शोध तिच्यामुळे थांबत नाही.

काही कायदे संख्या न सांगता समतोल मागतात. अमेरिकेच्या १९७२ च्या संघीय सल्लागार समिती कायद्यानुसार समितीत मांडल्या जाणाऱ्या दृष्टिकोनांचा योग्य समतोल असावा लागतो. अशी मोघम अट असली तर तिचा अर्थ प्रत्येक मंडळापुरता लेखी ठरवून घ्यावा, नाहीतर कोणतीही यादी समतोल आहे असे म्हणता येते.

दुसरीकडे, संख्येची सक्ती प्रत्येक देशात टिकतेच असे नाही. अमेरिकेतील आयोवा राज्याने १९८७ मध्ये राज्यस्तरीय मंडळांवर स्त्री-पुरुष समतोल सक्तीचा केला आणि २०१२ पासून तो स्थानिक मंडळांनाही लागू झाला, पण २०२४ मध्ये ही सक्ती रद्द करण्यात आली. म्हणून आपल्याकडे राखीव जागा, उद्दिष्ट, समान गुण मिळाल्यास द्यायचे प्राधान्य आणि व्यापक शोध यांपैकी काय चालते, हे विधी विभागाकडून सुरुवातीलाच लेखी घ्यावे. शोध व्यापक करणे, अनावश्यक अटी काढणे आणि बैठका सर्वांना जमतील अशा ठेवणे यांना सहसा कायद्याची आडकाठी नसते, आणि या लेखातील बहुतेक सूचना त्याच प्रकारच्या आहेत.

या मंडळाला कोणती विविधता हवी

लिंग, जात वा वंश, धर्म, भाषा, प्रदेश, वय, अपंगत्व, शिक्षण, व्यवसाय, आर्थिक स्थिती असे सगळे निकष एका सात जणांच्या मंडळात बसवायला निघालो तर प्रत्येक सदस्य रकाना भरण्यापुरता उरतो. त्याऐवजी एक प्रश्न विचारावा : या मंडळाच्या निर्णयांचा भार सर्वाधिक कुणावर पडतो आणि त्यांपैकी कोण आज या खोलीत नाही? परिवहन प्राधिकरण असेल तर बसने रोज प्रवास करणारे, चाकाची खुर्ची वापरणारे आणि रात्रपाळीला जाणारे आठवायला हवेत. भाडे नियंत्रणाच्या समितीत घरमालक आणि वकील सहज मिळतात, भाडेकरू शोधावे लागतात.

उत्तर मिळाले की सध्याच्या सदस्यांचा एक साधा तक्ता करावा. एका बाजूला मंडळाला लागणारी कौशल्ये आणि दुसऱ्या बाजूला लोकांचे अनुभव मांडावेत, आणि कुठे गर्दी आहे, कुठे जागा रिकामी आहे हे पाहावे. पुढच्या जाहिरातीचा मजकूर या रिकाम्या जागांवरून ठरवावा.

अर्हतेचा मसुदा

सगळ्या प्रक्रियेत सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा असे मला वाटते, कारण इथे वगळली गेलेली माणसे नंतर कुणाला दिसतही नाहीत. त्यांनी अर्जच केलेला नसतो.

पाण्याचे दर ठरवणाऱ्या एका आयोगासाठी नेहमीच्या पद्धतीने लिहिलेला मजकूर साधारण असा असेल : 'उमेदवार पाणीपुरवठा क्षेत्रातील नामांकित तज्ज्ञ असावा. शासकीय अथवा निमशासकीय सेवेतील वरिष्ठ पदावरील किमान २५ वर्षांचा सलग अनुभव आवश्यक. इंग्रजीवर प्रभुत्व असावे. यापूर्वी शासकीय समितीवर काम केले असल्यास प्राधान्य.'

एकेक अट पाहू. 'नामांकित' कोण हे ज्यांना आधी संधी मिळाली त्यांच्यावरून ठरते. सेवा शासकीयच हवी म्हटल्यावर पाणीवापर संस्था चालवणारे शेतकरी, नगरपालिकेशी वर्षानुवर्षे झगडणारे ग्राहक प्रतिनिधी आणि विद्यापीठातील संशोधक बाहेर पडतात. २५ वर्षे आणि तीही सलग म्हणजे मुलांसाठी किंवा आजारी माणसाच्या देखभालीसाठी नोकरीत खंड पडलेल्या स्त्रिया आपोआप गळतात, आणि ज्या समाजघटकांना वरिष्ठ पदे उशिरा मिळू लागली त्यांच्यातील फारच थोडे उरतात. 'पूर्वी समितीवर काम केलेल्यांना प्राधान्य' ही अट तर जुनी यादी पुन्हा छापण्यासारखी आहे.

हाच मजकूर असा लिहिता येईल : 'उमेदवाराला पाणीपुरवठ्याचे नियोजन, त्याचे अर्थकारण, ग्राहकांच्या तक्रारींचे निवारण किंवा पाणीवापर गटांचे काम यांपैकी किमान एका विषयाचा सखोल अनुभव असावा. हा अनुभव शासकीय सेवेतील, व्यवसायातील, संशोधनातील किंवा सामाजिक कामातील असू शकतो. दरप्रस्ताव आणि ताळेबंद वाचून त्यांवर प्रश्न विचारण्याची तयारी असावी, त्यासाठीचे प्रशिक्षण आयोग देईल. कामकाजाची कागदपत्रे प्रादेशिक भाषेत आणि इंग्रजीत मिळतील.' या दुसऱ्या मजकुरात अपेक्षा कमी झालेल्या नाहीत. उलट पहिल्यापेक्षा त्या अधिक स्पष्ट आहेत, कारण सदस्याला प्रत्यक्षात काय करता यायला हवे हे त्यात लिहिले आहे.

प्रत्येक अटीपुढे एक प्रश्न लिहिण्याची सवय ठेवावी : ही अट काढली तर मंडळाचे कोणते काम अडेल? उत्तर देता आले नाही तर अट काढावी. कायद्यानेच घातलेली अट काढता येत नाही हे खरे, पण कायद्यात असते त्यापेक्षा जाहिरातीत पुष्कळ जास्त असते असा अनुभव येतो. भारताच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचे उदाहरण घ्या. माहिती आयुक्तांसाठी विधी, विज्ञान व तंत्रज्ञान, समाजसेवा, व्यवस्थापन, पत्रकारिता, जनसंपर्क माध्यमे आणि प्रशासन अशी अनेक क्षेत्रे कायद्याने खुली ठेवली आहेत. तरीही नेमणुका प्रामुख्याने माजी सनदी अधिकाऱ्यांच्याच होत आल्या, आणि इतर क्षेत्रांतील व्यक्तींचाही विचार व्हायला हवा हे सर्वोच्च न्यायालयाला २०१९ च्या त्याच निकालात सांगावे लागले.

शोध

राजपत्रात आणि विभागाच्या संकेतस्थळावर जाहिरात दिली म्हणजे माहिती सर्वांपर्यंत पोहोचली असे होत नाही. जे लोक आधीपासून या गोष्टींवर नजर ठेवून असतात त्यांनाच ती दिसते. आपल्या तक्त्यातील रिकाम्या जागा ज्यांनी भरतील त्यांच्या संघटना, बार असोसिएशन, कामगार संघटना, अपंग व्यक्तींच्या संस्था, बचत गटांचे महासंघ, विद्यापीठांचे विभाग आणि जिल्हा पातळीवरील वृत्तपत्रे यांना जाहिरात थेट पाठवावी. सोबत काम काय, वर्षातून किती बैठका, मानधन किती आणि अर्ज कसा करायचा हे सोप्या भाषेत सांगणारे एक पान जोडावे. अर्जासाठी किमान एक महिना द्यावा. अर्जासोबत सुरुवातीलाच दहा साक्षांकित प्रती मागू नयेत, ज्यांची निवड होईल त्यांच्याकडून मूळ कागद नंतर तपासता येतात.

यापुढे जाऊन काही लोकांना स्वतः फोन करावा लागतो. ज्यांना आजवर कुणी बोलावले नाही ती माणसे, कितीही लायक असली तरी, 'हे आपल्यासाठी नसावे' असे समजून अर्ज करत नाहीत. अर्ज करण्याचे निमंत्रण म्हणजे निवडीचे आश्वासन नव्हे, एवढे बोलताना स्पष्ट केले म्हणजे झाले. अशा संभाव्य उमेदवारांची सूची कायम ठेवणेही उपयोगी ठरते. न्यूझीलंडमध्ये महिला मंत्रालय सार्वजनिक मंडळांवर नेमता येतील अशा स्त्रियांची नावे जमवून नेमणूक करणाऱ्या विभागांना सुचवते. सूची कोणीही ठेवो, ती दर वर्षी अद्ययावत व्हायला हवी आणि तिच्यात स्वतःहून नाव नोंदवण्याची सोय हवी.

नावे सुचवणाऱ्या संघटनांच्या जागांवर वेगळा उपाय लागतो, कारण व्यापारी महासंघ असो वा व्यावसायिकांची संस्था, ती बहुधा आपल्या अध्यक्षांचेच नाव पाठवते. डेन्मार्कने १९८५ च्या कायद्याने यावर नेमका तोडगा काढला. सार्वजनिक समितीसाठी नाव सुचवणाऱ्या संघटनेने एक स्त्री आणि एक पुरुष अशी दोन्ही नावे द्यायची आणि त्यांतून निवड मंत्र्याने समितीचा एकूण समतोल पाहून करायची. कायदा नसला तरी नावे मागवणाऱ्या पत्रात 'प्रत्येक जागेसाठी दोन नावे पाठवावीत, त्यांपैकी किमान एक आपल्या पदाधिकारी मंडळाबाहेरील असावे' असे लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

काही ठिकाणी निवड करण्याचा अधिकारच संबंधित लोकांकडे देणे सर्वांत योग्य असते. भारताच्या २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात नगर पथविक्रेता समितीवर पथविक्रेत्यांचे किमान ४० टक्के प्रतिनिधी असावेत, ते विक्रेत्यांनीच निवडून द्यावेत आणि त्यांपैकी एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात अशी तरतूद आहे. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक आणि अपंग व्यक्ती यांनाही त्यात योग्य प्रतिनिधित्व द्यायचे आहे. ज्यांचा प्रतिनिधी म्हणवायचे त्यांनी निवडलेला माणूस आणि विभागाने त्यांच्या वतीने निवडलेला माणूस यांच्यात मोठा फरक असतो. निवडून आलेल्याला परत जाऊन आपल्या लोकांना उत्तर द्यावे लागते.

छाननी आणि मुलाखत

निवड समितीच एकसारखी असेल तर निकालही एकसारखा येण्याची शक्यता मोठी असते. ब्रिटनमध्ये १९९५ मध्ये, सार्वजनिक पदांवरील आचरणाचा विचार करणाऱ्या नोलन समितीच्या शिफारशीवरून सार्वजनिक नेमणुकांवर देखरेख ठेवणाऱ्या आयुक्तांचे पद निर्माण झाले आणि निवड पॅनलवर विभागाबाहेरील स्वतंत्र सदस्य असण्याची पद्धत रुजली. आपल्या निवड समितीवर असा एक तरी बाहेरचा सदस्य असावा आणि त्याला आपले वेगळे मत लेखी नोंदवण्याचा अधिकार असावा.

अर्ज उघडण्याआधी निकष आणि प्रत्येक निकषाचे गुण ठरवून त्यांवर सह्या घ्याव्यात. नंतर ठरवलेले निकष, नकळत का होईना, मनातल्या उमेदवाराच्या मापाने बेतले जातात. मुलाखतीत सर्वांना तेच प्रश्न विचारावेत. प्रत्येक परीक्षकाने चर्चा सुरू होण्यापूर्वी आपले गुण स्वतंत्रपणे लिहावेत, नाहीतर ज्येष्ठ सदस्य पहिल्यांदा जे बोलतो त्याभोवती सगळ्यांचे गुण गोळा होतात. 'मंडळात मिसळून जाईल का' हा निकष मुळीच ठेवू नये. मिसळून जाणारी माणसे घेतल्यानेच मंडळ एकसाची झालेले असते.

दोन उमेदवार गुणांत सारखे ठरले तर काय करायचे हेही आधीच लिहून ठेवावे. स्कॉटलंडच्या कायद्यात, समान पात्रतेच्या उमेदवारांत स्त्रीची निवड केल्याने मंडळ उद्दिष्टाच्या जवळ जाणार असेल तर तिला प्राधान्य द्यावे असे सांगितले आहे, आणि एखाद्या उमेदवाराच्या विशिष्ट परिस्थितीमुळे वेगळा निर्णय योग्य ठरत असेल तर तीही मुभा ठेवली आहे.

हितसंबंधांच्या तपासणीत एक गफलत नेहमी होते. अपंगत्व योजनेच्या सल्लागार समितीवर त्या योजनेचा लाभ घेणारी व्यक्ती आली की तिचा हितसंबंध आहे असा आक्षेप निघतो. मंडळाच्या निर्णयातून एखाद्या व्यक्तीला वैयक्तिक कंत्राट किंवा रक्कम मिळणार असेल तर तो हितसंबंधांचा संघर्ष आहे. हजारो लोकांसारखा तिलाही त्या योजनेचा अनुभव आहे ही मात्र तिची पात्रता आहे. हा फरक नियमावलीत लिहिलेला नसेल तर ज्यांच्यासाठी समिती स्थापन झाली तेच तिच्याबाहेर राहतात.

उमेदवारांची जात, धर्म, अपंगत्व अशी माहिती स्वेच्छेने, वेगळ्या नमुन्यात आणि कशासाठी घेतली जाते हे सांगून घ्यावी. कायद्याने विशिष्ट गटासाठी राखलेल्या जागा सोडल्या तर हा नमुना परीक्षकांपुढे ठेवू नये. त्याचा उपयोग अर्ज, छाननी, मुलाखत आणि नेमणूक या चार टप्प्यांवर कोणत्या गटाची गळती कुठे होते हे पाहण्यासाठी करावा. अपंग व्यक्तींचे अर्जच आले नसतील तर शोध तोकडा पडला, अर्ज आले पण मुलाखतीपर्यंत कुणी पोहोचले नाही तर निकष तपासावेत. प्रसिद्ध करताना फक्त एकत्रित आकडे द्यावेत, आणि संख्या इतकी लहान असेल की माणूस ओळखू येईल तर तो आकडाही देऊ नये.

नेमणुकीनंतर

बहुतेक विभागांचे काम नेमणुकीच्या आदेशापाशी संपते आणि तिथेच मिळवलेले गमावायला सुरुवात होते. दूरच्या तालुक्यातून आलेल्या एखाद्या नव्या सदस्येची पहिली बैठक डोळ्यांसमोर आणा. बैठक राजधानीत सकाळी अकराला आहे, म्हणजे तिला आदल्या रात्रीच निघावे लागते. दोनशे पानांची विषयपत्रिका आदल्या दिवशी संध्याकाळी इंग्रजीत ई-मेलने येते. प्रवासाचा खर्च आधी स्वतः करायचा आणि देयक मंजूर व्हायला तीन महिने लागतात. बैठकीत इतर सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, अर्धे विषय 'मागच्या वेळी ठरल्याप्रमाणे' म्हणून पुढे सरकतात, आणि तिच्याकडे वळून कुणीतरी विचारते, 'महिलांच्या दृष्टीने आपले काय मत?' अशा दोन बैठकांनंतर तिसरीला ती आली नाही तर इतिवृत्तात 'अनुपस्थित' एवढेच लिहिले जाते, आणि पुढच्या कार्यकाळात 'त्यांना रस नव्हता' असे सांगून ती जागा पुन्हा जुन्या वर्तुळात जाते.

यातली जवळजवळ प्रत्येक अडचण सचिवालयाच्या पातळीवर सुटू शकते. विषयपत्रिका किमान सात दिवस आधी आणि सदस्याला वाचता येईल त्या भाषेत द्यावी. प्रत्येक विषयाच्या सुरुवातीला, आज नेमका कोणता निर्णय घ्यायचा आहे हे सांगणारा एक परिच्छेद असावा. प्रवासखर्चाची आगाऊ रक्कम द्यावी किंवा तिकीट कार्यालयानेच काढावे. ज्यांची त्या दिवसाची मजुरी बुडते त्यांना पुरेल इतका बैठक भत्ता असावा. मानद म्हणून बिनपैशाचे पद ठेवले की ते फक्त निवृत्तिवेतन असणाऱ्यांना परवडते. अपंग सदस्याच्या मदतनीसाचा प्रवासखर्च, सांकेतिक भाषेचा दुभाषी, स्क्रीन वाचकाने (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने) वाचता येतील अशा फाइली आणि लहान मुलांच्या देखभालीचा खर्च यांची तरतूद नेमणुकीच्या आदेशातच असावी, दर वेळी अर्ज करायला लावू नये. इमारतीला उतरण आहे एवढ्यावर समाधान मानू नये. बैठकीची खोली, स्वच्छतागृह आणि माईक स्वतः जाऊन पाहावा.

वर्षातील एक-दोन बैठका राजधानीबाहेर घ्याव्यात आणि बाकीच्यांना दूरदृश्य प्रणालीने हजर राहण्याची सोय ठेवावी. मात्र काही जण खोलीत आणि काही पडद्यावर असे असेल तेव्हा पडद्यावरच्यांना आधी बोलू देण्याचा नियम अध्यक्षांनी पाळावा.

एकट्या सदस्याचा प्रश्न मात्र सोयींनी सुटत नाही. समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ मध्ये मांडले, की एखाद्या गटात फारच अल्पसंख्य असलेली व्यक्ती प्रतीक बनून जाते. तिच्याकडे सतत लक्ष असते आणि तिचे प्रत्येक बोलणे तिच्या संपूर्ण समाजाचे मत समजले जाते. त्यामुळे सहा मंडळांवर एकेक आदिवासी सदस्य नेमण्यापेक्षा, ज्या दोन मंडळांच्या निर्णयांचा आदिवासींशी अधिक संबंध आहे तिथे प्रत्येकी तीन नेमणे पहिल्या वर्षी अधिक परिणामकारक ठरू शकते. कायदा परवानगी देत असेल तर मी हाच मार्ग सुचवेन आणि पुढच्या वर्षी उरलेल्या मंडळांकडे वळेन. शिवाय अर्थ, दर, कर्मचारी नेमणुका अशा उपसमित्यांवर नवे सदस्य आहेत का, की त्यांना केवळ 'कल्याण' आणि 'जनजागृती' या उपसमित्यांत बसवले आहे, हे दर सहा महिन्यांनी पाहावे. खरे निर्णय बऱ्याचदा उपसमितीतच होऊन येतात.

'योग्य माणसेच मिळत नाहीत' आणि 'गुणवत्तेचे काय' हे दोन आक्षेप सगळीकडे येतात. पहिल्याला उत्तर म्हणून किती ठिकाणी जाहिरात पाठवली, किती जणांना फोन केला आणि किती अर्ज आले याचा तपशील पुढे ठेवावा. शोध कसा घेतला हे सांगता आले नाही तर 'मिळत नाहीत' असे म्हणता येत नाही. दुसऱ्याला उत्तर आपल्या गुणतक्त्यात असते. निकष कामाशी जोडलेले आणि आधी जाहीर केलेले असतील तर निवडलेली प्रत्येक व्यक्ती त्या निकषांवर उतरलेली असते, आणि ओळखीने भरलेल्या जागांबाबत असे छातीठोकपणे सांगता येत नाही.

बाहेरून काय करता येते

संघटना आणि नागरिक यांनी नेमणूक जाहीर झाल्यावर निषेधाचे पत्र काढण्यापेक्षा आधी मुदतींची यादी मिळवावी. माहितीच्या अधिकारात पुढील बारा महिन्यांत कोणत्या मंडळांवरील कोणत्या जागा रिक्त होणार आहेत, त्यांची विहित अर्हता काय आहे आणि मागील नेमणुकीच्या वेळी किती अर्ज आले होते, एवढे तीन मुद्दे विचारावेत. प्रश्न आटोपशीर असेल तर उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या निकालात माहिती आयुक्तांसाठी छाननीचे निकष जाहीर करण्याची जी अपेक्षा व्यक्त केली, तिचा दाखला देऊन इतर मंडळांनाही तीच पद्धत अवलंबण्याची मागणी करता येते. ज्या जागेबद्दल आपल्याला आस्था आहे तिच्यासाठी दोन-तीन उमेदवार आधीच तयार करावेत, म्हणजे मंडळाचे मागील वर्षभराचे इतिवृत्त त्यांच्यासोबत बसून वाचावे, अर्ज भरायला मदत करावी आणि एकदा सरावाची मुलाखत घ्यावी.

अर्ज फेटाळला गेला तर गुण आणि कारण लेखी मागावे. विभागानेही ते न मागता द्यावे, आणि थोडक्यात हुकलेल्या उमेदवारांची नावे त्यांच्या संमतीने पुढील रिक्त जागेसाठी सूचीत ठेवावीत. मुदतीआधी राजीनामा देणाऱ्या प्रत्येक सदस्याशी अध्यक्षांखेरीज अन्य कुणीतरी अर्धा तास बोलून त्याची टिपणी नोंदवहीत लावावी, कारण पुढच्या जाहिरातीत आणि बैठकीच्या व्यवस्थेत काय बदलायचे याची सर्वांत खरी माहिती त्या टिपण्यांतून मिळते.